दादाची फळी

दहावीचा निकाल अजून लागायचा होता. २०१४चा मे महिना. दादाने गाळ्यातल्या कुणाकडून तरी पेनड्राइव्ह भरून इंग्रजी सिनेमे आणले होते आणि रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं एका जुन्या लॅपटॉपवर एकेक बघायचो. बहुतेक मारामारीचे होते. त्यात एक 'ड्रिफ्ट' निघाला. ऑस्ट्रेलियातला, आदल्याच वर्षीचा.

गोष्ट साधी. नवऱ्याच्या छळाला कंटाळून एक बाई दोन मुलांना घेऊन सिडनीहून निघते आणि देशाच्या पार पश्चिम टोकाला समुद्रकाठच्या गावात येऊन राहते. मुलं मोठी होतात. थोरला अँडी लाकडाच्या मिलमध्ये राबतो, धाकटा जिमी लाटांवर असतो. १९७०च्या दशकातली गोष्ट आहे. दोघे घरीच सर्फिंगचं सामान बनवून विकायला लागतात, आईही शिवणकामाला हात लावते आणि अँडी मिल सोडून देतो. पुढे अमली पदार्थवाले, गुंड, भावाभावांचं भांडण, मोठी लाट, सगळं अपेक्षेप्रमाणे येतं. आज बघायला घेतला तर कदाचित मी अर्ध्यात बंद करीन. तेव्हा मात्र आम्ही तो लागोपाठ दोन रात्री पाहिला.

बाबा पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते. मध्येच म्हणाले, "मिल मिल काय म्हणतायत? कुठली मिल?"

"लाकडाची," दादा म्हणाला.

"मग ती वखार. मिल नाही."

बाबांच्या लेखी मिल म्हणजे कापडाचीच. ते परळच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात ते एक. नोकरी परत मिळाली नाही. चाळीतली खोली भावाला देऊन ते आणि आई वसईला आले. तेव्हा इकडे जागा परवडायची. माणिकपूरला आम्ही दोघं जन्मलो. आधी ती नवघर-माणिकपूर नगरपालिका होती, २००९मध्ये सगळी मिळून वसई-विरार महापालिका झाली. त्या वर्षी आमच्या घरी मात्र वेगळीच गोष्ट चालू होती. बाबांना हार्टचा त्रास सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी दादाने बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं. तो रेल्वेच्या पूर्वेला एका गाळ्यात कामाला लागला. वालीव, गोखिवरे, सातिवली या बाजूला अशा गाळ्यांच्या रांगा आहेत. कुणी प्लास्टिकचे डबे काढतं, कुणी बॉक्स, कुणी लोखंडी कपाटं. दादाच्या गाळ्यात फायबरचं काम होतं. टाक्यांची झाकणं, खुर्च्यांचे सांगाडे, रोपांच्या कुंड्या.

फायबरचं काम ज्याच्या घरात कुणी केलेलं नाही त्याला त्याची खाज कळणार नाही. काचेच्या बारीक कुसळांसारखे तंतू अंगात शिरतात. गरम पाण्याने आंघोळ केली तर आणखी आत जातात, म्हणून दादा थंडीतही गार पाण्याने अंघोळ करायचा. त्याचे कपडे आई वेगळ्या बादलीत धुवायची. एकदा चुकून माझा शाळेचा शर्ट त्यात गेला आणि मी पूर्ण दिवस वर्गात पाठ खाजवत बसलो. घरी येऊन मी आरडाओरडा केला. दादा फक्त म्हणाला, "एक दिवसच आहे ना."

सिनेमात बोर्ड बनवण्याचा प्रसंग आला तेव्हा दादाने तो थांबवला. लॅपटॉप डोळ्यांजवळ नेला. मागे केला, पुन्हा पाहिला.

"अरे, हे तर आमचंच काम आहे," तो म्हणाला.

तसं ते आहेच. आत हलका फोम, त्यावर काचतंतूचं कापड, त्यावर रेझिन. दादा रोज बाराबारा तास तेच तर करत होता, फक्त त्यातून झाकणं निघत होती. मला वाटतं त्या रात्रीपर्यंत आपल्या हातातल्या कामातून कुणाला मजा येईल अशी वस्तू निघू शकते, हे त्याला सुचलंच नव्हतं.

जूनमध्ये त्याने सुरुवात केली. माळ्यावर आदल्या वर्षीच्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल होता. त्याचे तुकडे चिकटवून, करवतीच्या पात्याने कापून, पॉलिश पेपरने घासून गच्चीवर सात फुटांचा आकार तयार झाला. मग दादाने गाळ्यातून उरलंसुरलं रेझिन आणलं, त्यात कोबाल्ट आणि हार्डनर घातला आणि ब्रशने पहिला हात मारला. आमच्या डोळ्यांदेखत फळी आत जायला लागली. आवाज नाही, धूर नाही, नुसती विरघळत गेली. पाच मिनिटांत मधोमध भलंमोठं भोक. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते थर्माकोल खातं. दादाला हे माहीत असायला हवं होतं, पण गाळ्यात थर्माकोलशी कधी संबंधच आला नव्हता. मी हसत सुटलो. तो बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसला. मग म्हणाला, "बरं झालं. इथे झालं, पाण्यात नाही."

दुसरी फळी पफची. शीतगृहांच्या भिंतींसाठी पॅनेल बनतात त्यातला पिवळा फोम. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे कापलेले तुकडे कचऱ्यात जायचे. ते रेझिनला दाद देत नाहीत. पुढे वाचताना कळलं की जगभरचे सर्फबोर्ड कित्येक वर्षं याच जातीच्या फोमवर चालले. अमेरिकेतले बहुतेक बोर्डवाले क्लार्क फोम या एकाच कंपनीकडून तो घ्यायचे आणि डिसेंबर २००५मध्ये मालकाने ती एका दिवसात बंद केली तेव्हा या सगळ्या धंद्याची तारांबळ उडाली. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे असं दर दोन वर्षांनी होतं."

पावसाळाभर रविवारी आणि रात्री काम चाललं. वरून ताडपत्री, एक बल्ब. मॅटचे तुकडे अंथरायचे, रेझिन पाजायचं, रोलरने हवा काढायची. बाबा एकदा जिना चढून वर आले, दम लागला म्हणून पाण्याच्या टाकीला टेकले. मॅट हातात घेऊन त्यांनी बोटांनी उकललं.

"हे विणलेलं नाही?"

"नाही. नुसते तुकडे दाबलेले असतात."

"मग जड होणार. कापूस आणि कापड यात फरक असतो."

दादाने काही उत्तर दिलं नाही. विणलेलं कापड मिळतं हे त्याला ठाऊक होतं, ते महाग होतं. कारखान्यात ज्याला साचा म्हणतात त्यात माल ओततात, आणि बाबांच्या गिरणीत साचा म्हणजे माग. एकाच शब्दावर घरातले दोन माणसं जगली आणि एकमेकांचं काम त्यांनी कधी पाहिलं नाही. बाबांनी रेझिन वाळेपर्यंत बसायचं ठरवलं, पण वास सहन होईना म्हणून खाली गेले.

आईचा विरोध वेगळ्याच कारणासाठी. फॉल-पिकोच्या मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "पितृपक्षात नवीन वस्तू बाहेर काढू नका." पण दादाला सुट्टी त्याच रविवारी होती. नवरात्र चार दिवसांवर. मासेमारी पुन्हा सुरू झाली होती, पाऊस ओसरला होता.

सुरूची बागेपर्यंत जायला टेम्पो ठरवायचे पैसे नव्हते. फळी सायकलवर लांबीने बांधली, रंग खराब होऊ नये म्हणून पांढरी चादर गुंडाळली आणि पुढे दादा, मागे मी, असे चालत निघालो. बाभोळा, पापडी. दोन भाऊ, गंभीर चेहरे, मध्ये चादरीत गुंडाळलेली सात फुटी लांब वस्तू. पापडीजवळ एका म्हाताऱ्या ख्रिस्ती आजींनी थांबून क्रुसाची खूण केली. थोडं पुढे एका गृहस्थांनी हात जोडले. दादाला इतकं हसू आलं की सायकल कलंडली. त्याला तसं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं होतं ते आठवत नाही.

भरतीचं गणित किनाऱ्यावरची माणसं तिथीवर करतात. तिथीला पाऊण पटीने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्या हिशेबाने भरती साडेनऊ-दहाला होती आणि अमावस्या जवळ आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाणी फिरलेलं होतं. हे गणित मला नंतर कळलं. दादालाही नंतरच. आम्ही समुद्रापासून सायकलच्या अंतरावर वाढलो, पण समुद्र आमचा नव्हता. आमचं पोहणं बावखलातलं. मुळगाव-गासच्या बाजूला वाड्यांमधून ती तळी असतात, केळींना पाणी द्यायला. केळीचा खुंट पोटाशी धरून दादा तिथे शिकला आणि त्याने मला शिकवलं. बावखलात पाणी एका जागी असतं.

फळी जड होती. बाबा म्हणाले तशीच. दादाने माझ्या उजव्या पायाला नायलॉनचा दोर बांधला आणि दुसरं टोक फळीच्या शेपटाला, सिनेमात पाहिलं होतं म्हणून. हा दोर, म्हणजे लीश, सर्फिंगमध्येही १९७१च्या सुमारास आला. कॅलिफोर्नियात पॅट ओनीलने तो रबराच्या दोरीने केला आणि त्याच काळात त्याच्या बापाचा, जॅक ओनीलचा, डावा डोळा त्या दोरीने उसळून आलेल्या बोर्डाने गेला. दादाचा दोर कोळीवाड्यातून आणलेला, ताणला न जाणारा.

पहिला तास मजेचा गेला. उभं राहणं दूरच, पालथं पडून फेसाबरोबर दहा-पंधरा फूट सरकायचो. आमच्याकडच्या लाटा चढत नाहीत, ढासळतात. गढूळ पाणी, कमरेपर्यंत, पुढे पुन्हा गुडघ्यापर्यंत. म्हणून मी आणखी आत गेलो. आणखी. मग वळून पाहिलं तर सुरूची झाडं लहान झाली होती आणि ती डावीकडे सरकत होती. म्हणजे मी उजवीकडे, खाडीच्या तोंडाकडे.

मी हात मारले. ओरडलो की नाही आठवत नाही. दादा पाण्यात शिरताना दिसला, मग दिसेना, मग त्याचं डोकं दिसलं. माझ्याखाली फळी होती. त्याच्याखाली काही नव्हतं. हा विचार मला तेव्हा आला नाही. मी फक्त तो येतोय म्हणून निवांत झालो. तो पोचला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि त्याने फळीच्या कडेला हात टाकला तो घसरला, कारण कडा त्याने स्वतःच गुळगुळीत घासली होती. दुसऱ्यांदाही घसरला. तिसऱ्यांदा मी त्याच्या बनियनला धरलं. आम्ही दोघं फळीवर आडवे पडून राहिलो. ती बुडाली नाही. दोघांचं वजन घेऊन पाण्याच्या जेमतेम वर राहिली.

पाचूबंदरच्या बाजूने एक होडी येत होती. त्यातल्या काकांनी आम्हाला ओढून घेतलं आणि बंदर येईपर्यंत शिव्या दिल्या. ओहोटीला कोण उतरतं, हा त्यांचा एकच प्रश्न होता. फळी त्यांनी होडीला मागे बांधून आणली. उतरताना मात्र तिच्यावर टकटक करून विचारलं, "कोणी केली ही?" दादाने स्वतःकडे बोट दाखवलं. "होडीच्या बुडाला फायबर मारता येईल का तुला?" दादाने मान हलवली. तो थरथरत होता.

घरी आम्ही सांगितलं की सायकल पंक्चर झाली. आई काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने दोघांच्या अंथरुणामध्ये तिसरं घातलं आणि तिथे झोपली.

फळी गच्चीवर गेली. आई तिच्यावर सांडगे-पापड वाळत घालायची.

त्याच हिवाळ्यात मी दादाला म्हटलं होतं, "तूही सोड ना गाळा. अँडीसारखा." मी सोळा वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं की धैर्य कमी पडतंय. त्याने विचारलं, "जिमी कॉलेजात होता का?" मी नाही म्हटलं. "मग," तो म्हणाला आणि जेवायला लागला. मला ते उत्तर वाटलं नव्हतं.

२०१६मध्ये मी इंजिनियरिंगला गेलो, पुढे नोकरी, पुढे चेन्नई. २०२४मध्ये ऑफिसातल्या लोकांबरोबर एका रविवारी कोवलमला गेलो. केरळातलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवरचं कोळ्यांचं गाव. तिथे मूर्ती मेगवन नावाच्या मच्छीमाराने २०१२मध्ये अरुण वासू या उद्योजकाच्या मदतीने सर्फिंगची शाळा काढली. गावातलीच मुलं शिकवतात. मला शिकवणारा विशीतला होता, बाप अजून होडीवर जातो म्हणाला. त्याने वाळूवर पालथं झोपवून उठायला शिकवलं, मग पाण्यात नेलं, मागून ढकललं, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला मी उभा राहिलो. तीन सेकंद असेन. लाट पायाखाली एखाद्या सरकत्या जिन्यासारखी चालत होती.

आमच्याकडे असं का होत नाही, याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. मुंबईसमोर उथळ पाण्याचा मंच तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. बॉम्बे हायच्या तेलविहिरी याच मंचावर उभ्या आहेत. दूर दक्षिणेच्या वादळांतून निघालेली लांब लाट त्यावर घासत घासत येते आणि किनाऱ्याला लागेपर्यंत दमलेली असते. वर खाड्यांचा गाळ आणि पाचेक मीटरपर्यंत चढउतार करणारं उधाण. पावसाळ्यात मोठ्या लाटा असतात, पण त्या वाऱ्याने उठवलेल्या, एकमेकींवर आदळणाऱ्या. चेन्नईच्या बाजूला मंच त्यामानाने अरुंद, भरती जेमतेम मीटरभर. म्हणजे दादाने जगातली सर्वोत्तम फळी केली असती तरी सुरूची बागेत ती तशीच पडली असती. हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच घरी फोन लावला.

आईने उचलला. मी तिला लाटेचं सांगत होतो. ती ऐकत होती आणि मग सहज म्हणाली, "त्या फळीपायीच तर त्याला गोव्याचं बोलावणं आलं होतं."

मला माहीत नव्हतं. रेझिन पुरवणाऱ्या एका माणसाने फळीचा फोटो पाहिला होता. त्याच्या ओळखीने गोव्यात फायबरच्या बोटी बांधणाऱ्या यार्डात काम मिळत होतं. राहायची सोय, पगार गाळ्यापेक्षा बरा, पण पहिले सहा महिने शिकाऊ म्हणून निम्मा. २०१६च्या जूनमध्ये. जुलैत माझी पहिल्या वर्षाची फी भरायची होती आणि बाबांची अँजिओप्लास्टी झालेली होती. दादाने दोन दिवस विचार केला आणि नाही कळवलं. "तुला सांगू नको म्हणाला. तू अभ्यास सोडशील असं त्याला वाटलं."

मी सोडला नसता. हे मला माहीत आहे आणि बहुधा त्यालाही माहीत होतं. मी दोन दिवस वाईट वाटून घेतलं असतं आणि फी भरली असती. त्याने मला त्या दोन दिवसांपासून वाचवलं की त्या दोन दिवसांनंतरच्या माझ्याकडे बघण्यापासून स्वतःला, हे मी ठरवू शकलेलो नाही. सिनेमात धाकट्यासाठी थोरला नोकरी सोडतो ते मोठ्या आवाजात होतं, संगीत वाजतं. न सोडण्याला आवाज नसतो. मी आठ वर्षं त्या घरात जात-येत होतो, त्याच्याशेजारी जेवत होतो.

त्याला फोनवर विचारण्याचं धाडस झालं नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा होती, तेव्हा मी त्याला ये म्हटलं. चार दिवसांची रजा काढून तो आला. गाळा आता तोच चालवतो, भाड्याने घेतलाय, चार पोरं हाताखाली. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. आम्ही वाळूत बसून स्पर्धा पाहिली. केरळातल्या कोवलमचा रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळवलं, या स्पर्धेत वैयक्तिक पदक घेणारा पहिला भारतीय. लोक ओरडत होते. दादाही ओरडला. पण मधल्या वेळात तो कुठे तरी गेला, आणि शोधत गेलो तर एका शाळेच्या मागच्या शेडमध्ये उभा होता. तिथे एक मुलगा मोडक्या बोर्डाची दुरुस्ती करत होता. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती.

दादाने उरलेल्या कापडाचा तुकडा उचलून उजेडात धरला. उभे-आडवे धागे स्पष्ट दिसत होते.

"विणलेलं," तो म्हणाला. थोडा वेळ तसाच धरून राहिला.

आता विचारावं असं मला वाटलं. म्हटलं, "आईने मला गोव्याचं सांगितलं."

"कधी?"

"मागच्या वर्षी."

"हं." त्याने तुकडा घडी करून जागेवर ठेवला. मुलगा वाटीत रेझिन ढवळत होता. दादाने वाकून वास घेतला आणि मुलाच्या मनगटाला हलकेच धरून त्याला थांबवलं.

"याला सांग," तो मला म्हणाला, "हार्डनर जास्त झालाय. पिवळं पडेल."

मी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. मुलाने दादाकडे पाहिलं, वाटी बाजूला ठेवली आणि नवीन वाटी त्याच्यापुढे सरकवली. दादाने शर्टाच्या बाह्या वर केल्या.